जाम झालेला बोल्ट आणि धीर

आजचे चिंतन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक २५

आजच्या श्लोकात 'हळूहळू' या अर्थाचा शब्द भगवंत लागोपाठ दोनदा वापरतात. मन एका झटक्यात आवरायचं नाही, धृतीने धरलेल्या बुद्धीने सावकाश आवरायचं. वाचायला छान वाटतं. पण समोरचं काही हलतच नसेल तर? धीर किती दिवस धरायचा? आणि जोर लावणं नेहमीच चूक असतं का?

मित्रांनो, मला याचं उत्तर गॅरेजमध्ये सापडतं. कोकणातल्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं फिरलेल्या गाडीचा सायलेन्सर काढायचा म्हणजे बोल्ट बहुधा जाम असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून आट्यांमध्ये घट्ट बसतो. नवशिका सरळ पान्यावर पाय देतो. मग डोकं गोल होतं, नाहीतर बोल्ट आतच तुटतो. जाणता मेकॅनिक तारेचा ब्रश मारतो, पातळ तेल सोडतो, चहा पिऊन येतो, परत तेल सोडतो. बारा कोनांची गोटी ठेवून सहा कोनांची घेतो, कारण ती डोक्याच्या सपाट बाजू धरते. हातोडीने हलके ठोकतो. आणि गंमत म्हणजे, सोडवण्याआधी कधीकधी किंचित आवळतो. गंजाची पकड कुठल्याही बाजूने सुटली तरी चालते!

म्हणजे धीर धरणं हे रिकामं बसणं नाही. ते काम आहे. आणि श्लोक बोल्टबद्दल नाही, पाना धरणाऱ्याबद्दल आहे. बोल्ट हलत नाही तेव्हा आधी आपलं मन सुटतं.

आमच्या घरात बाबा आणि काका सहा वर्षं बोलत नाहीत. गावच्या घराच्या वाटणीवरून. 'एकदाच समोरासमोर बसवून सोक्षमोक्ष लावू' असं सगळ्यांना वाटतं. हा पान्यावर दिलेला पाय आहे. त्यापेक्षा दिवाळीचा फराळ घेऊन जाणं, वाटणीचा विषय न काढणं, काकांचं म्हणणं आधी मान डोलावून ऐकणं, हे तेल आहे. किंचित आवळणंही आहे.

पण तेलानेही नाही सुटला तर? मग मेकॅनिक बोल्टच्या मधोमध ड्रिल मारतो. ही हिंसा नाही का? नाही, कारण त्याला काय वाचवायचंय ते पक्कं माहीत आहे. बोल्ट काही रुपयांचा, नवा मिळतो. आतले आटे गेले तर पार्टच जातो. नात्यात 'आधी कोण चुकलं' हा बोल्ट आहे. तो फोडून फेकला तरी चालेल. आणि ड्रिल स्वतःच्या 'मी बरोबर' वरच चालवायचं, दुसऱ्याच्या नाही.

एक सावधगिरी. अठराव्या अध्यायात भगवंत तामसी धृतीही सांगतात : भीती, शोक, विषाद न सोडणारी. धरून ठेवणं तेवढंच पुण्य असतं तर गंजासारखा भक्त नाही! वर्षानुवर्षं गप्प सोसणं आणि त्याला धीर म्हणणं, यात आपण तेल सोडतोय की गंज वाढवतोय, हे तपासायला हवं. कसोटी साधी आहे : आज मी त्यासाठी काही केलं का?

आज जप झाल्यावर पाच मिनिटं बसा. आपल्या आयुष्यातला जाम बोल्ट कोणता, आणि त्याच्या आत वाचवायचे आटे कोणते, एवढंच शोधा.

राम कृष्ण हरी.