तीन प्रती, एक अट

मेमरी कार्ड ही साठवण्याची वस्तू आहे असे आपण म्हणतो, पण तिचा खरा गुण रिकामे होण्यात आहे. चित्रपटाच्या फितीवर एकदा चित्र उमटले की ती फीत त्या चित्राचीच होऊन जाते. कार्ड मात्र रोज संध्याकाळी भरते आणि दुसऱ्या सकाळी कोरे होऊन पुन्हा कॅमेऱ्यात जाते. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने चित्रीकरण केले तर तासाला सुमारे ४५ गिगाबाइट जागा लागते. ६४ गिगाबाइटचे कार्ड दीड तासही पुरत नाही. म्हणून माहितीपट करणाऱ्या छोट्या चमूत रोज रात्री कोणीतरी एक जण जागा असतो. तो कार्डावरचे सगळे उतरवून घेतो, तपासतो, आणि मगच कार्ड पुसायला हरकत नाही असे सांगतो. मी भाषांतरकार आहे. अशा माहितीपटांसाठी मुलाखतींचे शब्दांकन करते, सबटायटल्स लिहिते. त्या जाग्या माणसाचे काम मी जवळून पाहिले आहे. त्यातून एक प्रश्न माझ्यामागे लागला, तो असा: एखादी गोष्ट जपून ठेवणे हे नेहमीच सत्कृत्य असते का?

आधी त्या कामाच्या शिस्तीबद्दल. छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झालेला ३-२-१ चा नियम या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतो: प्रती तीन, माध्यमे दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. दुसरा दंडक असा की कार्डावरचे फक्त व्हिडिओ उचलायचे नाहीत, संपूर्ण कार्ड जसेच्या तसे उतरवायचे. नवख्याला त्यातले कितीतरी फोल्डर आणि चिमुकल्या फायली निरुपयोगी वाटतात. पण अनेक कॅमेरे लांब चित्रणाचे आपोआप तुकडे करतात, आणि हे तुकडे एकमेकांना कसे जोडायचे हे त्या चिमुकल्या फायलींतच लिहिलेले असते. त्या टाकून दिल्या तर जोडाच्या जागी आवाज क्षणभर तुटू शकतो. बोलणारी व्यक्ती नेमकी तिथेच ‘नाही’ म्हणाली असेल, तर तो क्षण लहान राहत नाही.

तिसरा दंडक पडताळणीचा. मूळ फायलीवर गणित करून एक आकडा काढतात, त्याला चेकसम म्हणतात. प्रतीवर तेच गणित करायचे. आकडा जुळला तर प्रत मुळाबरहुकूम. कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. वेदपाठकांनी पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ असे म्हणण्याचे प्रकार बांधले. तेच शब्द उलटसुलट क्रमाने पुन्हा पुन्हा म्हणायचे, म्हणजे एखादे अक्षर हलले तरी लगेच कळावे. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला ‘लीळाचरित्र’ आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात, ज्यांनी चक्रधरांना पाहिले-ऐकले होते त्यांना गाठून, विचारून लीळा गोळा केल्या. मूळ पोथी धामधुमीत नाहीशी झाली, आणि अनुयायांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली. म्हणून आज तिचे एकाहून अधिक पाठ आहेत. चेकसमच्या हिशेबाने त्यांतला एकही उत्तीर्ण होणार नाही. तरी मराठी गद्याचा आरंभ आपण तिथेच मानतो, कारण शब्द सांभाळणाऱ्यांना ते कोणाचे आणि कशासाठी आहेत हे ठाऊक होते.

हरवण्याची भीती खोटी नाही. १९३१ चा ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, आज कुठेही उपलब्ध नाही. कितीतरी जुन्या फिती त्यांतल्या चांदीसाठी वितळवल्या गेल्या. नायट्रेटच्या फिती आगीत गेल्या, २००३ साली पुण्यातही. माणूस चंद्रावर उतरला त्या १९६९ च्या घटनेचे मूळ दर्जाचे चित्रण ज्या टेपांवर होते, त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष नासाने २००९ मध्ये जाहीर केला. त्यामागे कोणाचा दुष्टपणा नव्हता. टेप महाग होती आणि दुसऱ्या दिवशीचे काम उभे होते. मेमरी कार्डाचा मोह हाच आहे. त्यामुळे रात्री जागणाऱ्या त्या माणसाबद्दल मला आदर आहे, आणि पुढे जे म्हणते आहे ते त्याच्या विरोधात नाही.

एका माहितीपटासाठी मी ऊसतोड कामगारांच्या फडावर दुभाषी म्हणून गेले होते. दिग्दर्शक दुसऱ्या प्रांताचे, त्यांना मराठी येत नव्हते. मराठवाड्यातून आलेली एक बाई वीसेक मिनिटे बोलली. हंगामाआधी मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेतात, तिला उचल म्हणतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. आजारपणात काम बुडाले तेव्हा मुकादमाने खाडे कसे लावले आणि उचल फिटायची सोडून कशी वाढली, हे तिने नावानिशी सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोपीतून बाहेर आली आणि कॅमेऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “ताई, मुकादमाचं बोलले ना मी, त्ये ह्याच्यातून काढून टाका.”

मी भाषांतर केले. दिग्दर्शक लगेच हिंदीत म्हणाले, “निकाल देंगे.” त्यांचा हेतू स्वच्छ होता. पण दोघांचे बोलणे जुळले असे मला वाटेना. संकलनाच्या टेबलावर ‘काढणे’ म्हणजे अंतिम चित्रपटात न घेणे. कच्चे चित्रण राहतेच. बाईच्या दृष्टीने ‘काढणे’ म्हणजे ते जगात नसणे. शिवाय मराठीत फोटोही आपण ‘काढतो’ आणि नको असलेलेही ‘काढून टाकतो’. एकच क्रियापद घेण्याचे आणि घालवण्याचे काम करते. आणि ती ज्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवत होती त्यात तिचे बोलणे उरलेलेच नव्हते. रात्रीच दोन डिस्कवर प्रती झाल्या होत्या, तिसरी दुसऱ्या शहरात जायची होती, कार्ड कोरे करून पुन्हा लावले होते. कोरे हे तरी म्हणण्यापुरतेच: साधारण फॉरमॅट केल्याने बहुधा अनुक्रमणिका तेवढी जाते, मजकूर नवे चित्रण त्यावर बसेपर्यंत तसाच पडून राहतो.

म्हणून मी तिला सगळे समजावून सांगितले. “तीन कशाला?” तिने विचारले. एखादी बिघडली तर असावी म्हणून, मी म्हटले. “म्हंजे येक बिघडली तरी माझं बोलणं ऱ्हाणारच की.” ३-२-१ च्या नियमावर याहून नेमके भाष्य मी अजून ऐकलेले नाही. जी व्यवस्था हरवण्यापासून वाचवते, तीच विसरले जाण्याचा मार्गही बंद करते. थोडा वेळ ती गप्प राहिली, मग म्हणाली, “उचल फिटू द्या. मग दावा कुणाला दावायचं त्ये.”

साहित्याच्या अभ्यासकांना इथे काफ्का आठवेल. आपले लेखन जाळून टाकावे अशी त्याची इच्छा होती. १९२४ मध्ये तो गेला, मॅक्स ब्रोडने ऐकले नाही, आणि आपण सगळे ब्रोडचे ऋणी आहोत. मग त्या बाईचे तरी का ऐकावे? तिचे बोलणे हा पुरावा आहे. ते नष्ट झाले तर फायदा मुकादमाचाच. हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. पण ब्रोडने अवज्ञा केली तेव्हा काफ्का जिवंत नव्हता. त्याच्या पोटावर कोणी पाय देणार नव्हते. ही बाई पुढच्या हंगामात त्याच मुकादमाच्या ट्रकमध्ये बसणार होती. जपण्याचा लाभ आपल्याला, इतिहासाला, पुढच्या पिढीला. जोखीम मात्र एकटीची. जिथे लाभ एकाचा आणि धोका दुसऱ्याचा, तिथे निर्णय धोका पत्करणाऱ्याचा असला पाहिजे, एवढे मला निश्चित वाटते.

तरीही तिने ‘पुसा’ म्हटले नाही, ‘ठेवा’ही म्हटले नाही. तिने अट घातली. ठेवणे आणि पुसणे असे दोनच पर्याय आपण धरून चाललो होतो. तिसरा तिच्याकडून आला. मौखिक इतिहासाच्या संग्रहांत ठरावीक काळ मुलाखत बंद ठेवण्याची पद्धत असते, ती याच जातीची. दिग्दर्शकांनी ते मान्य केले. त्या चित्रणाच्या शेजारी, तिन्ही प्रतींत, तिची अट तिच्याच शब्दांत आणि भाषांतरासह एका छोट्या फायलीत लिहून ठेवली आहे. कार्डावरच्या त्या चिमुकल्या फायलींसारखीच ही एक. तुकडे कसे जोडायचे हे त्या सांगतात. हे बोलणे कोणाशी, कोणत्या भरवशावर जोडलेले आहे हे ही सांगते. चेकसमला यातले काही कळत नाही. शब्द न् शब्द जुळूनही दिलेला शब्द मोडू शकतो. भाषांतरातही तसेच होते.

अडचण उरतेच. उचल फिटली हे कळणार कसे? ती कधीच फिटली नाही तर? याचे उत्तर मला यंत्रांच्या एका उणिवेत सापडते. हार्ड डिस्क काही वर्षांत दगा देते. टेप दशके टिकते, पण ती वाचणारे यंत्र टिकत नाही: एलटीओ-८ चा ड्राइव्ह एलटीओ-६ ची टेप वाचू शकत नाही. त्यामुळे डिजिटल संग्रह म्हणजे एकदा कुलूप लावून निश्चिंत होण्याची तिजोरी नव्हे. दर काही वर्षांनी कोणीतरी सगळे उघडून नव्या माध्यमावर उतरवावेच लागते. ही कटकट आहे, खर्चही आहे. पण याच वेळी ती छोटी फाइल उघडून वाचता येते, आणि ज्या माणसाचे बोलणे आहे त्याला फोन करून विचारता येते: बाई, उचल फिटली का? आता काय करू?

ती ‘पुसा’ म्हणाली, तर तीनही ठिकाणी जाऊन, जितक्या काळजीने उतरवले तितक्याच काळजीने पुसावे लागेल. ‘दावा’ म्हणाली, तर दाखवावे. आणि ‘अजून नाही’ म्हणाली, तर पुढच्या वेळी विचारायचे म्हणून तिचा नवा नंबर त्या फाइलीत लिहून ठेवावा.