भंगलेले देऊळ



३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती. गणपती बोळवून लोक निजले आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारी भागात धरणी हलली. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीची जड माळवदे. हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. अशा घाल्यातून जो वाचतो, त्याच्या मनात एक खटला उभा राहतो. लेकराला मी जवळ का घेतले नाही? मीच का उरलो? फिर्यादी तोच, आरोपी तोच, न्यायाधीशही तोच. वर्षानुवर्षे तारखा पडतात आणि निकाल ठरलेला असतो.

तुमच्या वाट्याला भूकंप आला नसेल. कुणी लहानपणी मार सोसला असेल, कुणाच्या घरातले माणूस अवेळी गेले असेल. खटला मात्र असाच चालतो.

तुकोबारायांनाही हे चुकले नाही. १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. त्या दिवसांत जिवाला वाटलेली लाज त्यांनी अभंगात लपवली नाही. आणि मग काय केले? गावातले विठ्ठलाचे देऊळ भंगले होते, ते नीट करायला घेतले.

माउली, इथे थोडे थांबू. भंगलेल्या देवळाला ‘तू का पडलेस?’ असे कुणी दरडावत नाही. पडलेले चिरे उचलतात, पुन्हा बसवतात. जमेल तसे रोज थोडे. तोवर देव काही रुसून निघून जात नाही. पडक्या भिंतींतही त्याची पूजा चालूच असते.

तुम्ही म्हणाल, मग पश्चात्ताप करायचाच नाही का? करावा, पण आपण केलेल्याचा. आपल्यावर कोसळलेल्याचा पश्चात्ताप कसला? केलेले आणि कोसळलेले यांची सरमिसळ झाली की माणूस आपल्याच जिवाचा वैरी होतो.

वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो. समोरचा वारकरी तुमच्या पायांवर डोके ठेवतो, तेव्हा तुमच्यातल्या पांडुरंगालाच वंदन करतो. सर्वांभूती देव मानायचा आणि त्या सर्वांतून एकट्या स्वतःला वगळायचे, हा कुठला न्याय?

म्हणून रात्री हरिपाठानंतर तो खटला उभा राहिला, तर तुमच्यासारखाच दुःखी कुणी दारी आला असता तर त्याला जे बोलला असता, तेच स्वतःला सांगा. झोप उडाली असेल, भय सरत नसेल, तर मनाच्या डॉक्टरांकडे जा. मोडलेले हाड बसवून घेतल्याने निष्ठा उणी होत नाही. याने तरी का व्हावी?

आज एक चिरा बसवा. उद्याचा उद्या.