आरंभ कशाला म्हणायचं?

बदनापूरला शाळेत मी संस्कृत शिकवायचो. निवृत्तीनंतर आता गावातल्या पूजा सांगतो. पूजेला बसल्यावर यजमानाला एक शंका हमखास येते : ‘‘गुरुजी, भावकीत कोणी गेलं तर?’’ निर्णयसिंधूत याचं उत्तर आहे. कर्माला आरंभ झाला असेल तर सुतक लागत नाही. झाला नसेल तर लागतं. मग आरंभ कधी झाला म्हणायचा? यज्ञात ऋत्विजांना वरलं की. व्रतात संकल्प केला की. लग्नात नांदीश्राद्ध झालं की. आणि श्राद्धात स्वयंपाकाला हात लागला की! निर्णयसिंधूकार कमलाकरभट्ट काशीत बसून लिहीत होते, पण घराणं मूळचं पैठणचं, म्हणजे आमच्या शेजारचंच. मांडव पडला, पत्रिका वाटल्या, आचारी आला, तरी शास्त्राच्या लेखी लग्न अजून सुरू नाही. उलट श्राद्धाला चूल पेटली की संपलं, आता मागे फिरणं नाही.

हा नियम मला दर १७ सप्टेंबरला आठवतो. झेंडावंदनाला हैदराबाद मुक्तिसंग्रामावर बोलायला मला बोलावतात. १९४८ साली याच तारखेला निजामाने शरणागती पत्करली. शेवटाबद्दल वाद नाही. पण एखादं पोरगं विचारतं, ‘‘सर, सुरू कधी झालं?’’ की शिक्षकांच्या खोलीत चहा गार होईपर्यंत भांडण.

आमचे इतिहासाचे सर परतूरचं नाव घेतात. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन तिथे भरलं, अध्यक्ष गोविंदराव नानल. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. १९८१ साली जालना जिल्हा झाला आणि तो मान आमच्या वाट्याला आला. सरांच्या आग्रहात जिल्ह्याचा अभिमान थोडा जास्तच आहे, पण ते असो. दुसरे म्हणतात, २४ ऑक्टोबर १९३८. हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली होती, ती मोडून पहिली तुकडी सत्याग्रहाला निघाली. पुढे कोण? तेच नानल. संभाजीनगरला राहून आलेले म्हणतात, हे सगळं उशिराचं. १८५७ च्या जूनमध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या छावणीत हैदराबाद कंटिन्जंटचे घोडेस्वार बिथरले, त्यांना काळा चबुतऱ्यावर मारलं, तिथून धरा. आणि कोणी ७ ऑगस्ट १९४७ धरतो, स्वामी रामानंद तीर्थांनी ज्याची हाक दिली तो ‘भारतात सामील व्हा’ दिवस.

हे दुखणं काही आमचंच नाही. फिलिपिन्समध्ये १८९६ च्या ऑगस्टमध्ये बोनिफासियो आणि त्यांच्या कातिपुनान संघटनेच्या लोकांनी स्पॅनिश सरकारचे कराचे दाखले फाडून बंड पुकारलं. दिवस कोणता, जागा कोणती? कातिपुनानच्या लोकांचंच एकमत नाही. मासांगकाय सांगतात २६ तारीख, बालिंतावाक. आल्वारेझ सांगतात २४, बाहाय तोरो. वालेन्सुएला आधी बालिंतावाक आणि २६ म्हणाले, पुढे पुगाद लाविन आणि २३. बालिंतावाकला १९११ साली स्मारक उभं राहिलं. १९६३ साली राष्ट्राध्यक्ष माकापागाल यांनी सरकारी दिवस २३ ऑगस्टवर नेला.

सांगणारे म्हातारे झाले होते, विसरले असतील, असं म्हणून मोकळं होता येतं. मला ते पटत नाही. दाखला फाडताना प्रत्येकजण एकटा असतो. कागदाचे दोन तुकडे झाले की शिपायाने अडवल्यावर दाखवायला काही उरत नाही, घरी नांगराला परत जाता येत नाही. ज्याने ज्या दिवशी फाडला, त्याचं बंड त्या दिवशी सुरू झालं. दहा हातांचे दहा आरंभ असतील, तर इतिहासकाराने त्यातला एकच खरा का मानावा?

आमच्याकडेही ही कसोटी लावून पाहतो. परतूरला भाषणं झाली, ठराव झाले; त्यानंतर माणूस घरी जाऊन शेतीला लागला असता तरी कोणी विचारलं नसतं. म्हणजे मांडव पडला होता, नांदी व्हायची होती. नानलांनी ती पुढच्या वर्षी बंदी मोडून केली. पण स्टेट काँग्रेसने डिसेंबरात तो सत्याग्रह थांबवला, तेव्हा संस्थेच्या हिशोबाने तो आरंभही मोडला म्हणायचा. नानलांच्या हिशोबाने मात्र नाही. तुरुंगात गेलेला माणूस न गेलेला होत नाही.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या कॉलेजच्या वसतिगृहातली मुलं प्रार्थनेला वंदे मातरम् म्हणू लागली. लोण संस्थानभर पसरलं. उस्मानिया विद्यापीठाने मुलांना काढलं, आणि त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने घेतलं. सतरा-अठरा वर्षांची पोरं, बापाने शेतातलं विकून शिकायला पाठवलेली. माफी मागितली असती तर नाव पटावर राहिलं असतं. मला विचाराल तर माझं मत तिथेच पडतं.

इतिहासाचे सर यावर म्हणतात, ‘‘गुरुजी, तुम्ही मास्तर, म्हणून तुम्हाला पोरंच दिसणार.’’ बरोबर आहे त्यांचं. आणि घोडेस्वारांच्या वारसाला चबुतरा दिसणार. सरकारला गॅझेटसाठी एकच तारीख लागते, तशी खुशाल लावावी. पण सुतक कोणाला लागलं नाही, हे गॅझेटात कसं लिहिणार? यंदा त्या पोराला मी चारही तारखा फळ्यावर लिहून दिल्या, आणि चौथीपुढे नोव्हेंबर १९३८ माझ्या पदरचा. त्याने परीक्षेत कोणती लिहायची, असं विचारलं. पुस्तकात असेल ती लिही, म्हटलं.