रक्ताची ओळख, रक्ताचा अभिमान

नेवासे तालुक्यातल्या सोनई येथे १ जानेवारी २०१३ रोजी आंतरजातीय प्रेमसंबंधाच्या रागातून तीन दलित तरुणांना ठार मारण्यात आले. नाशिकच्या सत्र न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये या खटल्यात फाशीच्या शिक्षा सुनावल्या. अशा हत्येच्या मुळाशी रक्ताविषयीची एक श्रद्धा असते : आमचे रक्त निराळे, त्यात दुसऱ्याचे मिसळले तर घराणे बाटते. याच नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत उलगडली. आणि परंपरा सांगते की संन्याशाची मुले म्हणून ज्ञानेश्वरांना आणि त्यांच्या भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभे राहावे लागले होते. रक्ताविषयीच्या या श्रद्धेला नीतीच्या बाजूने संतांनी, फुल्यांनी, आंबेडकरांनी उत्तर दिलेले आहे आणि मला ते पुरेसे वाटते. ज्यांना वाटत नाही ते निसर्गाला साक्षीला बोलावतात. रक्त वेगळे असतेच ना, असे विचारतात. मग त्या साक्षीदाराचे म्हणणे नीट, शेवटपर्यंत ऐकायला हवे. रक्त वेगळे असते हे खरेच आहे. ते कसे वेगळे असते हे आज जनुकांच्या पातळीवर वाचता येते, आणि हे वाचन जितके बारीक होत जाते तितका रक्ताभिमानाचा आधार सुटत जातो, असे माझे म्हणणे आहे.

थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. ए, बी, ओ आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एवढे जुळवून, क्रॉसमॅच करून पिशवी दिली जाते. पण मान्यता मिळालेल्या रक्तगट प्रणाली आज चाळीसहून अधिक आहेत आणि त्यांतली प्रतिजने, म्हणजे पेशीवरच्या ओळखखुणा, तीनशेहून जास्त. केल, डफी, किड यांसारख्या प्रणालीतले एखादे परके प्रतिजन वारंवार शरीरात आले की काही रुग्णांत त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, आणि मग पुढच्या पिशव्या जुळेनाशा होतात. अशा वेळी त्या मुलाचा मूळ गट काय हे नेहमीच्या तपासणीने कळणे अवघड, कारण तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि त्याच्या नसांतून वाहणाऱ्या पेशींत कितीतरी दात्यांच्या पेशी मिसळलेल्या असतात. तांबड्या पेशीला केंद्रक नसते, म्हणून त्याच्याच पांढऱ्या पेशींतला डीएनए काढून रक्तगटांची जनुके वाचतात. त्या वाचनातून निघते ती प्रतिजनांची यादी. कोणत्या दात्याचे रक्त या मुलाला सोसेल, हे ती यादी सांगते. तो दाता कोणत्या आळीतला, कोणत्या देवाला हात जोडणारा, याचा तिच्यात मागमूस नसतो.

महाराष्ट्राला याचे सर्वांत ठळक उदाहरण घरातच मिळाले आहे. १९५२ मध्ये भेंडे, देशपांडे, भाटिया आणि त्यांच्या इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली, तोच पुढे बॉम्बे रक्तगट म्हणून जगभर ओळखला गेला. ए आणि बी ही प्रतिजने ज्या एच पदार्थावर उभी राहतात तोच या माणसांच्या तांबड्या पेशींवर नसतो, कारण तो घडवणारे जनुक निकामी असते. वरवरच्या तपासणीत त्यांचा गट ओ दिसतो, पण ओ गटाचे रक्तही त्यांच्या जिवावर उठते. भारतात हा गट साधारण दहा हजारांत एकाचा मानला जातो. असा रुग्ण दवाखान्यात आला की घरची माणसे बाही वर करून उभी असतात आणि त्यांच्यातल्या बहुतेकांचे रक्त त्याला चालत नाही. चालते ते कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या, कधी न पाहिलेल्या दात्याचे.

यावर पहिला आक्षेप मी गंभीरपणे घेतो. दोन्ही पालकांकडून निकामी जनुक आल्याशिवाय बॉम्बे गट होत नाही. म्हणून शोध सख्ख्या भावंडांपासूनच सुरू करतात, आणि मामाच्या मुलीशी लग्न करण्यासारख्या नात्यातल्या विवाहांत ही शक्यता वाढते. बोनमॅरोसाठीही आधी भावंडेच तपासतात. मग नाते खरे ठरले की नाही? ठरले, पण शक्यता म्हणून. सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. ए आणि बी गटाच्या एकाच जोडप्याला चार मुले चार वेगवेगळ्या गटांची होऊ शकतात. शिवाय जवळच्या नातलगाचे रक्त कधी परक्याच्या रक्तापेक्षा घातक ठरते. दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात की त्याचे शरीर त्यांना परके म्हणून ओळखत नाही, आणि त्याच पेशी त्याच्यावर उलटतात. हा आजार क्वचित होतो, पण झाला तर बहुतेक वेळा प्राण घेतो. म्हणून नातलगाच्या रक्तावर आधी किरणांचा मारा करतात.

दुसरा आक्षेप जातीचा. शतकानुशतके जातीतच लग्ने झाल्याने प्रतिजनांचे प्रमाण समाजागणिक थोडे बदलते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हे फरक प्रतिष्ठेची उतरंड पाळत नाहीत. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे आणि मल्होत्रा यांनी १९६८ मध्ये समान दर्जाच्या मानल्या गेलेल्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. ‘एकाच रक्ताचे’ समजल्या जाणाऱ्यांतच त्यांना लक्षणीय अंतरे दिसली. आणि प्रमाण हे समूहाचे असते, खाटेवरच्या माणसाचे नसते. जनुक थेट वाचता येत नव्हते तोवर दात्याच्या समाजावरून अंदाज बांधण्याला थोडाफार अर्थ होता. वाचता येऊ लागल्यावर तोही उरत नाही. याच ज्ञानाचा दुरुपयोग झालेला आहे, हे मात्र विसरू नये. शास्त्रज्ञ हिर्शफेल्ड दांपत्याने १९१९ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या सालोनिका आघाडीवरच्या सैनिकांतले रक्तगटांचे प्रमाण मांडले, आणि पुढे जर्मनीतल्या वंशवाद्यांनी त्या आकड्यांतून श्रेष्ठ-कनिष्ठ रक्त शोधले. ज्यू कुळातल्या लुडविक हिर्शफेल्डांना स्वतःला वॉर्साच्या घेट्टोत राहावे लागले. त्या आकड्यांत श्रेष्ठत्व नव्हतेच. ते वाचणाऱ्यांनी बाहेरून आणले.

तिसरा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो : जातीच्या जागी आता जनुक बसवले, तर माणसाचे सत्त्व पुन्हा रक्तातच शोधले ना? बोनमॅरो बदललेल्या रुग्णाकडे पाहावे. काही महिन्यांत त्याचा रक्तगट दात्याचा होतो, रक्तातला डीएनएही दात्याचा होतो, आणि तरी त्याची आई त्याला त्याच नावाने हाक मारते, तो त्याच कर्जाचे हप्ते फेडतो. गीतेच्या तेराव्या अध्यायात शरीर हे क्षेत्र आणि ते जाणणारा निराळा, असा भेद केला आहे. आत्मा न मानणाऱ्यालाही त्यातली एवढी गोष्ट घेता येते की जे तपासले जाते तेवढ्यात तपासले जाणारे माणूस संपत नाही.

रक्तगटांची जनुके वाचणारी ही तपासणी महाग आहे, जिल्ह्याच्या रक्तपेढ्यांना परवडणार नाही, असे म्हणतात. आज ती मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तविज्ञान संस्थेसारख्या मोजक्या ठिकाणच्या तज्ज्ञांचे काम आहे, हे खरे. परंतु जन्मतः मिळालेली ही जनुके बदलत नाहीत, त्यामुळे नियमित दात्याचे वाचन एकदाच करावे लागते. सोनईच्याच जिल्ह्यातल्या अकोले ते जामखेडपर्यंतच्या शिबिरांत वर्षानुवर्षे येणाऱ्या दात्यांपासून सुरुवात केली, तरी दर महिन्याला पिशवीची वाट पाहणाऱ्या मुलांसाठी जुळणाऱ्या दात्यांची यादी याच जिल्ह्यात तयार होऊ लागेल.