पुलाच्या अलीकडे की पलीकडे?

आमचा बालाघाट जिल्हा म्हणजे सीमेवरचे घर. अंगणात हिंदी, माजघरात मराठी. बाघ नदीचा पूल ओलांडला की महाराष्ट्र लागतो, आणि पूर्वेच्या जंगलापलीकडे छत्तीसगड. १९५६ पर्यंत नदीचे दोन्ही काठ एकाच मध्यप्रदेशात होते व राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत नदीची सीमा झाली. सोयरिकींना ही सीमा कधी जाणवली नाही. कायद्याला मात्र जाणवते. मलाही ती एकदा जाणवली आणि तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून बसला आहे.

नोकरीची पहिलीच वर्षे होती. आमच्या मराठी वाचनालयासाठी लोकांनी जमवलेली अठराशे रुपयांची वर्गणी घेऊन मी नागपूरला पुस्तके आणायला निघालो होतो. पहाटेची छोट्या लाईनची गाडी, डोळा लागला. जाग आली तेव्हा पिशवी नव्हती. उतरल्यावर समोर दिसला त्या पहिल्या खाकी गणवेशाला गाठले. तो म्हणाला, "आमचे काम रेल्वेच्या मालमत्तेचे. तुम्ही चौकीत जा." चौकीतल्या जमादारांनी शांतपणे विचारले, "चोरी पुलाच्या अलीकडे झाली की पलीकडे?" झोपलेल्या माणसाने याचे काय उत्तर द्यावे? संध्याकाळी आपल्या काठावर परतलो, तर तिथे ऐकायला मिळाले, "जहाँ उतरे, वहीं जाइए, गुरुजी." एक अर्ज मराठीत लिहिला होता, दुसरा हिंदीत. दोन्ही माझ्याच खिशात राहिले.

पैशांचे दुःख फार दिवस टिकले नाही. दुःख निराळेच होते. वाचनालयाच्या बैठकीत एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी सहज विचारले, "मास्तर, चोरीचा काही कागद आहे का?" कागद नव्हता. पाच महिने पगारातून ती रक्कम फेडली, तेव्हा कुठे कुजबुज थांबली. चोराने पैसे नेले होते. माझी पत त्या न नोंदलेल्या तक्रारीने नेली.

तेव्हा वाटे, साऱ्या देशाला एकच पोलीस का नसावा? पुढे वर्गात नागरिकशास्त्र शिकवताना हे मत बदलले. घटनेच्या सातव्या अनुसूचीने पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्यांकडे सोपवले आहेत. रेल्वेची मालमत्ता राखणारे दल केंद्राचे, तर गाडीतल्या गुन्ह्याचा तपास करणारे रेल्वे पोलीस राज्याचे. केंद्रीय अन्वेषण विभागाला राज्यात पाऊल टाकायचे, तर न्यायालयाचा आदेश नसल्यास १९४६ च्या कायद्याप्रमाणे त्या राज्याची संमती लागते. मुंबईवरील हल्ल्यानंतर २००८ मध्ये राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा झाला, तोही ठरावीक गुन्ह्यांपुरता. आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर आमच्या गावचा कोतवार. पहिल्या नजरेला हा बारभाईचा कारभार वाटतो. परंतु सगळ्या देशाची काठी एकाच हातात गेली, तर त्या हाताला जाब विचारणार कोण? अधिकार वाटलेले असतात ते माझ्यासारख्याच्या रक्षणासाठी, हे मला उशिरा पटले.

या वाटणीची किंमतही आमच्या जिल्ह्याने मोजली आहे. तीन राज्यांच्या संधीवरचे जंगल नक्षलवाद्यांना सोयीचे होते. एका राज्याचे पोलीस मागे लागले की दुसऱ्या राज्यात शिरायचे. डिसेंबर १९९९ मध्ये तर राज्याचे परिवहनमंत्री लिखीराम कावरे यांची सोनपुरी गावी, त्यांच्या घरीच हत्या झाली. त्यानंतर मध्यप्रदेशाने हॉक फोर्स उभारले. पलीकडे महाराष्ट्राचे सी-६० पथक होते, मदतीला केंद्रीय राखीव पोलीस दल आले. हळूहळू ही दले एकमेकांच्या हद्दीत एकमेकांसाठी जाऊ लागली. १९ नोव्हेंबर २०२५ रोजी हॉक फोर्सचे निरीक्षक आशीष शर्मा तीन राज्यांच्या संयुक्त मोहिमेत राजनांदगावच्या जंगलात धारातीर्थी पडले. गोळी सीमेच्या कोणत्या बाजूने आली, असे त्या जंगलात कोणी विचारले नसेल. पुढच्याच महिन्यात राज्य शासनाने मध्यप्रदेश नक्षलमुक्त झाल्याचे जाहीर केले.

म्हणजे मनात आणले तर हद्द आड येत नाही. मग प्रश्न उरतो तो असा : बंदुकीपुढे एकत्र येणारे गणवेश, एखाद्या बैगाची चोरीला गेलेली गाय किंवा मजुराची बुडवलेली मजुरी समोर आली की वेगवेगळे का होतात? कर्तव्य वाटून घेता येते, तशी सदसद्विवेकबुद्धीही वाटून घेता येते काय?

कायद्याने याचे उत्तर आता स्पष्ट दिले आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच तो नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडो, ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची; तपास मग ज्याचा त्याच्याकडे पाठवायचा. तपासाला हद्द असावी, ऐकून घेण्याला नसावी, हा या कलमाचा मला समजलेला अर्थ. माझ्या वेळी हे असते, तर निदान एक कागद हाती असता.

पण कलमाने कान उघडतातच असे नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर दुसऱ्या शाळेच्या एका मुलाला मोठ्या पोरांनी मारले. शिपाई धावत आला. मी हातातल्या वह्यांवरची मान न उचलता विचारले, "फाटकाच्या आत की बाहेर?" शब्द तोंडातून गेले आणि तो जमादार आठवला. मी उठलो, तोवर मुलगा रडत निघून गेला होता. तो कोण, कोठला, हे मला आजतागायत कळलेले नाही.

त्या दिवसापासून एक नेम केला आहे. कोणीही आले तरी आधी बसवायचे, पाणी द्यायचे, सांगेल ते लिहून घ्यायचे. काम कोणाचे, हे त्यानंतर पाहायचे. एवढ्याने जग सुधारत नाही, हे ठाऊक आहे. पण आपल्यापैकी प्रत्येकाच्या टेबलापुढे, ओट्यापुढे, दुकानापुढे कधी ना कधी कोणीतरी पिशवी हरवलेला माणूस येऊन उभा राहतोच. त्याला आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो?