नाचला की नाचवला?

इंग्रजीतला 'करिअर' हा शब्द आधी घोड्यांचा होता, माणसांच्या वाट्याला तो नंतर आला. घोड्याची भरधाव दौड, ती ज्या मैदानात व्हायची ते मैदान, असा त्याचा जुना अर्थ. मराठीत आपण 'कारकीर्द' म्हणतो. तो फारसीतून आलेला. 'केलेले काम' हे त्याचे मूळ. व्हॅलेग्रो या घोड्यावरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणताना मी या शब्दाशीच अडखळले. काम केले कुणी?

व्हॅलेग्रो २००२ साली नेदरलँड्समध्ये जन्मला. ब्रिटनच्या शार्लट ड्युजार्डिन त्याच्यावर स्वार होत्या. लंडन ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णपदके, रिओत आणखी एक. डिसेंबर २०१४मध्ये संगीताच्या फेरीत ९४.३ टक्के गुणांचा विश्वविक्रम. २०१६च्या डिसेंबरात लंडनमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला. मूळ लेखात सगळी क्रियापदे घोड्याची होती: त्याने जिंकले, विक्रम केला, निवृत्ती घेतली. शेवटचे मी 'निवृत्त करण्यात आले' असे केले. घोडा खच्ची केलेला होता, हे सांगताना मात्र मूळ लेखकालाही घोड्याला कर्ता करता आले नव्हते.

ड्रेसाज म्हणजे वीस बाय साठ मीटरच्या मैदानात घोड्याच्या ठरलेल्या चाली: जागच्या जागी दुडकी, तिरके चालणे, मागच्या पायांभोवती गिरकी. प्रत्येक हालचालीला दहापैकी गुण. आंतरराष्ट्रीय नियमांत एक अपेक्षा लिहिलेली आहे, ती अशी की घोडा हे सारे आपखुशीने करतो आहे असे दिसले पाहिजे. करतो आहे की नाही, हे कोण सांगणार? म्हणून 'दिसले पाहिजे'.

तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, तिथेही घोडे तालावर पाय टाकतात. आपल्याकडे अशा वेळी 'घोडा नाचवला' म्हणतात. प्रयोजक क्रियापद, कर्ता उघड, श्रेयही त्याचेच. ही मराठी अधिक प्रामाणिक आहे. अधिक दयाळू आहे असे मात्र मी म्हणणार नाही, नाचवताना काय काय करतात हे क्रियापद सांगत नाही.

मी एग्मोरला राहते. जवळच पुदुपेटला पोलिसांची पागा आहे. मरीना किनाऱ्यावर गस्त घालणारे घोडे तिथले. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर. त्या हिशेबाने हे पोलीस बारगीर. घोडा कुणाचा, यासाठी भाषेने दोन शब्द केले. घोड्याच्या बाजूने एकही नाही. पण पुदुपेटच्या घोड्याकडून काम घेतात, आणि ते खुशीने करतो आहेस असे दाखव, असे कुणी म्हणत नाही. कष्ट घेणे ही एक वसुली. त्या कष्टांवर राजीखुशीची मुद्रा मागणे ही दुसरी, आणि मला तीच जास्त खुपते. आम्हा अनुवादकांचीही तारीफ 'अनुवाद वाटतच नाही' अशी होते, कष्ट दिसू नयेत म्हणून. फरक इतकाच की मला संपादकांना 'जमणार नाही' असे कळवता येते.

२०२४मध्ये एक चित्रफीत बाहेर आली. शिकवणीच्या वेळी ड्युजार्डिन एका घोड्याच्या पायांवर पुन्हा पुन्हा चाबूक मारताना दिसतात. त्यांनी पॅरिस ऑलिम्पिकमधून माघार घेतली, वर्षभराची बंदी आली. तो घोडा व्हॅलेग्रो नव्हता, आणि त्यावरून व्हॅलेग्रोबद्दल काही सिद्ध होत नाही. पण 'आपखुशीने' हा शब्द त्यानंतर मला पूर्वीसारखा लिहिता येईना.

घोड्याला नकार देता येतोच. ड्रेसाजमध्ये तो अडून बसला आणि वीस सेकंदांत पुढे गेला नाही, तर स्वार बाद होतो. 'घोडा अडला' हे क्रियापद निखळ त्याचे. 'अडवला' म्हटले की अर्थच बदलतो. टोकियोत, ऑगस्ट २०२१मध्ये, मॉडर्न पेंटॅथलॉनच्या महिला स्पर्धेत सेंट बॉय नावाचा घोडा असाच अडला. तिथे घोडा चिठ्ठीने मिळतो, ओळख करून घ्यायला वीस मिनिटे. आघाडीवर असलेली जर्मन खेळाडू पाठीवर रडत होती, प्रशिक्षिकेने कुंपणाबाहेरून घोड्याला ठोसा मारला आणि तिची हकालपट्टी झाली. पॅरिसनंतर त्या खेळातून घोडेस्वारीच काढून टाकली. तिच्या जागी अडथळ्यांची शर्यत आली. ती माणसे स्वतःच्या पायांनी धावतात.