वारा कोणी कोणाला घालायचा?

मी काही तत्त्वज्ञ नव्हे, बी.कॉम. आहे, तेही सेकंड क्लास. पण भर एप्रिलात बँकेतले दिवे जावेत, इन्व्हर्टरनेही मान टाकावी आणि मी स्लिपांच्या पॅडनं स्वतःला वारा घालू लागावं, की माझ्याही मनात प्रश्न उभे राहतात. गेल्या आठवड्यातला प्रश्न असा : पंखा स्वतःसाठी असतो की दुसऱ्यासाठी?

निमित्त एका चित्राचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा विलायती घडीचा पंखा. हस्तिदंती काड्या, त्यांवर कागद, कागदावर रंगवलेली बाग आणि बागेत एक जोडपं. (नवरा-बायको नसावीत; एकमेकांकडे बघत होती.) ही घडीची कल्पना मूळची जपानची, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर युरोपात पोचली. १८०० च्या सुमारास तिकडे पंख्यांची फॅशन इतकी आखूड झाली की ते जेमतेम वीतभर उरले. वारा म्हणाल तर मुंगीला पुरेल एवढा!

१२ ऑगस्ट १८०३ ला वेलस्लीनं आमचा नगरचा भुईकोट किल्ला घेतला, त्या काळातली ही चैन. पुढे साहेब इथं कचेरी मांडून बसला. त्यानं छताला भलीमोठी कापडी झालर टांगली आणि तिची दोरी बाहेर व्हरांड्यातल्या पंखेवाल्याच्या हातात दिली. वारा आत जमा, घाम बाहेर नावे.

साहेबाला नावं ठेवणं सोपं आहे हो. पण राहुरीजवळ माझ्या आजोळी सुट्टीत पंगत बसली, की आजी ताडाच्या पानाचा विंझणा घेऊन समोर बसे. आजोबांना वारा, मामांना वारा, आम्हां पोरांना वारा. पानावर बसायची माशीची छाती नव्हती. सगळ्यांचं झालं की ती चुलीपाशी एकटी जेवायची, आणि विंझणा तेव्हा खुंटीवर असायचा. याला आम्ही माया म्हणायचो. ती माया होतीच, त्यात खोट नाही. पण इतक्या सुट्ट्यांत मी एकदाही तो विंझणा खुंटीवरून काढला नाही. आता ते खातं बंद झालंय. त्यात काही भरतो म्हटलं तरी खिडकीच नाही.

हे आठवलं आणि त्या नटव्या पंख्याबद्दलचं माझं मत जरा हललं. आधी वाटलं होतं, काय आपमतलबी वस्तू! आपलाच हात, आपलाच वारा. पण निदान दुसऱ्याचं मनगट तरी दुखत नाही. (काड्या कोरणाऱ्याचं दुखलं असणार, ते चित्रात दिसत नाही.)

परवा रात्री घरचे दिवे गेले. सौ. मेणबत्तीच्या उजेडात पोळ्या करत होती. मी मुलाच्या वहीचा पुठ्ठा घेतला आणि मागे उभा राहून तिला वारा घालू लागलो. लाटणं थांबलं. तिनं वळून संशयानं पाहिलं.

"काय हवंय?"

"काही नाही."

"मग जरा लांबून घाला. गॅस विझतोय."